काळी बाजू खाली

नासाच्या ९०५ क्रमांकाच्या विमानाच्या पाठीवर एक सूचना रंगवलेली आहे. विमान म्हणजे बोईंग ७४७. १९७४ मध्ये एका प्रवासी कंपनीकडून घेतलेलं, आतल्या खुर्च्या उपसून काढलेलं, सांगाडा जागोजागी भक्कम केलेलं आणि मग कित्येक वर्षं स्पेस शटलला पाठुंगळी घेऊन देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचवणारं. शटल ज्या तीन खुंटांवर बसायचं, पुढे एक आणि मागे दोन, त्यांतल्या एका खुंटावर इंग्रजीत लिहिलंय : ‘ऑर्बायटर इथे जोडा. टीप : काळी बाजू खाली.’ त्याचं छायाचित्र पाहताक्षणी हसू येतं. टनावारी वजनाचं यान हवेत टांगलेलं, खाली माणसं श्वास रोखून उभी, आणि कुणीतरी विचारतंय, ‘कुठली बाजू वर घ्यायची?’ मग हसू ओसरतं आणि ती ओळ मनात रुतून बसते. ती गंभीर चेहऱ्यानं लिहिलेली आहे, बाकीच्या खऱ्या सूचनांच्या थाटात. ज्या हातांनी ती रंगवली, ते हात दिवसभर खऱ्या सूचना वाचत आणि पाळत असणार. त्यांना काय ठाऊक होतं, हा प्रश्न मला सोडत नाही.

जोडणीचं काम तसं जोखमीचंच. त्यासाठी लोखंडी खांबांचा एक अवाढव्य सांगाडा उभा केलेला असे. त्यात शटल उचलून वर धरायचं, विमान हळूहळू त्याच्या पोटाखाली आणायचं आणि मग शटल थोडं थोडं खाली सोडत तिन्ही खुंट तिन्ही जागी बसवायचे. पोटावरच्या या जागा म्हणजे उड्डाणाच्या वेळी नारिंगी टाकी जिथे जोडलेली असते त्याच. पाठीकडे अशी जागाच नाही, तिथे मालकक्षाची दोन लांबलचक दारं. म्हणजे काळी बाजू वर करून जोडायचं कुणी मनावर घेतलं असतं तरी जमलं नसतं. सूचना वाचली काय, न वाचली काय, शटल बसणार एकाच पद्धतीनं. म्हणून तर तिथे थट्टा परवडते. पण त्याच काळ्या बाजूच्या जवळ जाऊन पाहावं. ती बाजू फरशांची आहे. सिलिकाच्या तंतूंपासून केलेल्या, आत नव्वद टक्के पोकळी, वर काळ्या काचेचा पातळ लेप, साधारण १,२६० अंश सेल्सियसपर्यंत ताप सोसणाऱ्या, आणि हातात घेतल्या तर थर्मोकोलची आठवण व्हावी इतक्या हलक्या. कोलंबिया या शटलवर अशा काळ्या फरशा वीस हजारांहून जास्त होत्या. पोटाचा बाक जागोजागी बदलतो, त्यामुळे प्रत्येकीची जाडी आणि उतार तिच्या जागेपुरता कापलेला. एकीच्या जागी दुसरी ठेवली तर कुठे फट राहील, कुठे कड वर येईल, आणि वर आलेल्या कडेपाशी तापलेल्या वायूचा प्रवाह खवळेल. म्हणून प्रत्येक फरशीवर तिचा स्वतःचा क्रमांक छापलेला. अख्खं यान उलटं बसू शकत नाही, फरशी चुकू शकते.

धोका राहतो तो दोन्हीकडून बसणाऱ्या वस्तूत.

२ जुलै २०१३ रोजी कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून रशियाचं प्रोटॉन-एम रॉकेट निघालं, माथ्यावर ग्लोनास या रशियन दिशादर्शन यंत्रणेचे तीन उपग्रह घेऊन. चौथरा सोडताच ते एका अंगाला कललं, मग दुसऱ्या अंगाला, झोल वाढत गेला, रॉकेट आडवं झालं, नाक जमिनीकडे वळलं, वरचा भाग तुटला आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळं चौथऱ्यापासून जवळच कोसळलं. कारण निघालं ते तळहातावर मावेल एवढं. रॉकेट किती वेगानं वळतंय हे मोजणारे सहा संवेदक त्यात असतात. त्यांतले तीन, म्हणजे डावं-उजवं वळण मोजणारे, उलटे बसवले होते. प्रत्येकावर बाण होता. बाण वर असायला हवा होता, तो खाली होता. बरं, केवळ बाणावर भिस्त ठेवलेली नव्हती. ज्या पाटीवर संवेदक बसतो तिच्यावर उलट बसवता येऊ नये म्हणून खुंट्या होत्या. तपासात त्या जागी जोर लावल्याच्या खुणा सापडल्या.

इथे मी बराच वेळ अडून राहतो. असे नाजूक भाग बसवणाऱ्या माणसाला हाताची भाषा कळते. नीट बसणारी वस्तू जागेवर सरकते तेव्हा बोटांना एक बारीकसा मऊ थांबा जाणवतो. न बसणारी वस्तू कडक लागते. पण काही वस्तू मुळातच घट्ट असतात, रंगाचा थर जाड असतो, भोक किंचित तोकडं असतं, आणि थोडा जोर लावणं हा रोजच्या कामाचा भाग असतो. नेमक्या कोणत्या क्षणी ‘घट्ट आहे’ याचं ‘चुकतंय’ होतं, हे सांगणारी पाटी कुठे लावणार? पुढची गोष्ट आणखी बोचरी. उड्डाणाआधीच्या तपासण्यांत हे संवेदक पास झाले. वीज पोचते का, उत्तर येतं का, तारा धड आहेत का, हे सगळं तपासलं गेलं. रॉकेट मात्र तेव्हा उभं, स्थिर. स्थिर रॉकेटचा वळण्याचा वेग शून्य, आणि शून्य उलटं केलं तरी शून्यच. चूक दिसायला रॉकेट हलायला हवं होतं, आणि ते हललं ते थेट उड्डाणात. उजवीकडे कलल्यावर संवेदक सांगत राहिला की आपण डावीकडे कललो, नियंत्रण प्रणालीनं इमानदारीनं ते सावरायला आणखी उजवीकडे ढकललं. एका सुट्या संवेदकाला हातात धरून अंशभर वळवून पाहिलं असतं आणि आकड्याचं चिन्ह धन की ऋण एवढंच बघितलं असतं, तर गोष्ट जमिनीवरच संपली असती. दिशा असलेल्या प्रत्येक भागाची तपासणी त्याला खरोखर हलवून, ढकलून, कलवून करावी, हा धडा या क्षेत्रात पुन्हापुन्हा शिकला गेला आहे. दर वेळी वेगळ्या किमतीला.

नासाच्या जेनेसिस यानानं तो आधीच शिकवला होता. या यानानं दोन वर्षांहून जास्त काळ सौरवारा गोळा केला. सिलिकॉन, नीलम, सोनं, हिरा अशा अतिशुद्ध पदार्थांच्या चकत्या उघड्या ठेवायच्या आणि सूर्याकडून आलेले अणू त्यांत रुतू द्यायचे. ८ सप्टेंबर २००४ ला त्याची कुपी उटाहच्या वाळवंटावर परतली. हवाई छत्रीखाली तरंगत येणारी कुपी आकड्यानं हवेतच झेलायची म्हणून हेलिकॉप्टरं तयार होती. छत्री उघडलीच नाही. कुपी ताशी ३११ किलोमीटर वेगानं जमिनीत घुसली. वातावरणात शिरताना बसणारा झटका ओळखून छत्रीची घटनामाला सुरू करणारे छोटे स्विच होते, पेन्सिलीच्या मागच्या टोकाएवढे. आराखड्यातच ते उलट्या दिशेला दाखवले होते. कारागिरांनी ते चित्राप्रमाणे अगदी बरोबर बसवले. एकापेक्षा जास्त स्विच होते, एक बिघडला तर दुसरा चालावा म्हणून, पण सगळे एकाच चित्रावरून बसवलेले असल्यामुळे सगळेच उलटे. ती पेटी गरगर फिरवून झटक्याची चाचणी घ्यायचं ठरलं होतं. ती गळली, आणि तिच्याऐवजी आधीच्या स्टारडस्ट यानाच्या आराखड्याशी कागदावर तुलना झाली. जुनी, सिद्ध झालेली रचना आहे या एका वाक्यावर किती जणांनी मान डोलावली असेल.

पण जेनेसिसमधली एक गोष्ट मला फार आवडते. सौरवाऱ्याचे वेगवेगळे प्रकार वेगवेगळ्या पट्ट्यांवर गोळा होणार होते, आणि प्रत्येक पट्टीवरच्या चकत्यांची जाडी मुद्दाम वेगळी ठेवली होती. चकत्या फुटल्या, एकमेकींत मिसळल्या, तरी तुकड्याची जाडी मोजून तो कुठल्या पट्टीचा हे ओळखता यावं. कुपी फुटली, चकत्यांचे हजारो तुकडे झाले, आत चिखलमाती गेली. माणसांनी चिमट्यानं तुकडे वेचले, जाडी मोजली आणि घरं लावली. विज्ञानाचं मूळ काम मोठ्या प्रमाणात तगलं. कागदी चिठ्ठी त्या चिखलात टिकली नसती. इथे चिठ्ठी म्हणजे तुकड्याचं अंगच होतं.

चांगली खूण वस्तूच्या अंगात असते.

केबलींच्या बाबतीत हे फार जवळून पाहता येतं. यानातला गोल कनेक्टर घ्या. बाहेरच्या कड्याच्या आतल्या अंगाला खाचा असतात, समोरच्या भागाला तसेच उंचवटे. या खाचा कोणत्या कोनात आहेत यावरून एकाच मापाचे कनेक्टर अनेक प्रकारचे होतात, आणि एका प्रकारचा नर दुसऱ्या प्रकारच्या मादीत शिरत नाही. शेजारीशेजारी असलेल्या दोन जागांना कधीही एकाच मापाचा, एकाच खाचेचा कनेक्टर द्यायचा नाही, हा शिरस्ता. माप बदला, नाहीतर खाच बदला, नाहीतर केबलची लांबी अशी ठेवा की चुकीच्या जागेपर्यंत ती पोचणारच नाही. रंगीत पट्टी, क्रमांकाची नळी, चिठ्ठी हे सगळं त्यानंतर. कारण चिठ्ठी वाचावी लागते, आणि वाचणारा माणूस रात्रपाळीला असू शकतो, चिठ्ठी केबलच्या मागच्या अंगाला वळलेली असू शकते, उजेड कमी असू शकतो. १७ नोव्हेंबर २०२० ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून निघालेलं युरोपचं वेगा रॉकेट पहिले तीन टप्पे बिनचूक चढलं. चौथ्या टप्प्याचं इंजिन पेटलं आणि रॉकेट भरकटलं. नोझल, म्हणजे इंजिनाचं झोत सोडणारं तोंड, वळवणाऱ्या यंत्रणेच्या केबलींची अदलाबदल झाली होती. एकाला दिलेली आज्ञा दुसऱ्याला पोचत होती. स्पेन आणि फ्रान्सचा एकेक उपग्रह त्यात गेला. दोन्ही केबली धड, दोन्ही कनेक्टर पक्के, वीज व्यवस्थित, फक्त पत्ता चुकलेला.

आणि कधीकधी दोष एवढाच असतो की चुकीची वस्तूसुद्धा बरोबर बसते. २१ नोव्हेंबर १९६० ला केप कॅनावेरलवर मर्क्युरी-रेडस्टोनचं, म्हणजे पुढे अंतराळवीराची मर्क्युरी कुपी नेणार असलेल्या रॉकेटचं, पहिलं उड्डाण होतं, माणसाविना. रॉकेट सुमारे १० सेंटिमीटर उचललं गेलं, इंजिन बंद पडलं आणि ते पुन्हा आपल्या पंखांवर येऊन बसलं. पडलं नाही, फुटलं नाही. मग वरचा सुटकेचा मनोरा, संकटात कुपीला ओढून दूर नेण्यासाठी असलेला, एकटाच उडून गेला, कुपी तशीच जागेवर ठेवून. थोड्या वेळानं कुपीच्या टोकातून आधी छोटी छत्री बाहेर आली, मग मोठी, मग राखीव. आता चित्र डोळ्यांपुढे आणा : पूर्ण भरलेलं, बॅटऱ्या चालू असलेलं रॉकेट मोकळं उभं आहे आणि त्याच्या डोक्यावरून छत्र्या लोंबतायत. वारा भरला तर ते आडवं होणार. जवळ जायची सोय नाही. टाकीला बंदुकीनं भोकं पाडावीत इथवर सूचना आल्या. शेवटी शहाणपणाचा निर्णय झाला : काहीही करायचं नाही. बॅटऱ्या उतरू द्यायच्या, द्रव ऑक्सिजन उडून जाऊ द्यायचा. रात्र गेली, सकाळी माणसं पोचली. कारण असं होतं : बुडाशी दोन केबली जोडलेल्या असतात, एक नियंत्रणाची, दुसरी विजेची आणि अर्थिंगची. उड्डाणाच्या वेळी नियंत्रणाची आधी सुटायला हवी. त्या दिवशी लावलेली नियंत्रणाची केबल लष्करी रेडस्टोनची होती, मर्क्युरीच्या केबलीपेक्षा लांब. लांब म्हणून ती उशिरा सुटली. विजेची केबल तिच्याआधी २९ मिलिसेकंदांनी निघाली, तेवढ्या वेळात अर्थिंग नसल्यामुळे प्रवाह भलत्या रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, गेला, आणि तो रिले नेमका इंजिन बंद करण्याचा होता. त्यानंतर प्रत्येक भागानं आपापलं काम चोख केलं. इंजिन बंद झालं म्हणजे मनोरा सोडायचा, सोडला. उंची कमी आहे म्हणजे छत्री उघडायची, उघडली. मोठ्या छत्रीवर भार जाणवत नाही म्हणजे राखीव काढायची, काढली. पुढच्या रॉकेटांना अर्थिंगची एक वेगळी पट्टी बसवली गेली, बाकीचं सगळं सुटल्यावर शेवटी सुटणारी. एका पट्टीचा इलाज. मला या इलाजाचं फार अप्रूप वाटतं, कारण त्यात कुणाला ‘यापुढे लक्ष ठेवा’ असं बजावलेलं नाही.

लक्ष ठेवणं हा इलाज किती तोकडा आहे हे ६ सप्टेंबर २००३ च्या शनिवारी कॅलिफोर्नियात सनीवेलमधल्या लॉकहीड मार्टिनच्या कारखान्यात दिसलं. नोआ-एन प्राइम हा हवामान उपग्रह एका फिरवत्या गाड्यावर उभा होता. त्याला आडवा करायचा होता. उपग्रह गाड्याला एका जोडपाटीनं धरलेला, आणि ती पाटी २४ बोल्टांनी आवळलेली असायला हवी. ते बोल्ट आधीच दुसऱ्या कामासाठी काढले गेले होते आणि त्याची नोंद झाली नव्हती. कामाच्या कागदावर मात्र ही पायरी होती : पाटीचे बोल्ट तपासा. कागदावर सही होती. गाडा कलता कलता उपग्रह घसरला आणि साधारण मीटरभर खाली काँक्रीटवर आदळला. दुरुस्तीचा खर्च १३ कोटी ५० लाख डॉलर. तो उपग्रह पुन्हा उभा राहून अवकाशात गेला तो थेट फेब्रुवारी २००९ मध्ये. चौकशीत जे पुढे आलं त्यात एक तपशील फार लागतो : बोल्टांची भोकं रिकामी आहेत हे एका माणसाच्या ध्यानात आलं होतं, तो तसं बोललाही होता, आणि त्याचं बोलणं बाजूला पडलं. रिकामं भोक हीसुद्धा एक सूचनाच असते, तीही चोवीस वेळा लिहिलेली. यावर साधा उपाय अनेक ठिकाणी वापरतात. बोल्ट ठरल्या बळानं आवळला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट किंचित फिरला तरी रेघ तुटते, लांबूनही कळतं. बोल्टच नसेल तर रेघ कशावर ओढणार?

रंगाच्या खुणेवरून आठवलं. १९८६ मध्ये उड्डाणात नष्ट झालेल्या चॅलेंजर शटलच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी बूस्टर, म्हणजे शटलला वर ढकलणारी बाजूची रॉकेटं, जोडणाऱ्या कामगारांशी गप्पा मारल्या होत्या. बूस्टरच्या तुकड्याच्या कडेला १८० भोकं असतात. तो तुकडा गोल करण्यासाठी समोरासमोरची भोकं शोधावी लागत, म्हणजे मोजत जावं लागे, आणि मोजताना चूक होई. कामगारांनी सुचवलं होतं की चार ठिकाणी रंगाचे ठिपके द्या, म्हणजे कुठल्याही भोकापासून फार मोजावं लागणार नाही. ते झालं नाही, कारण मग सगळ्या पुस्तिका बदलाव्या लागल्या असत्या. चार ठिपके. ज्यांची बोटं रोज त्या भोकांवरून फिरत होती त्यांनी मागितलेले.

‘उड्डाणापूर्वी काढा’ असं लिहिलेल्या लाल फिती सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. सुरक्षेच्या पिना, नळ्यांची बुचं, संवेदकांची टोपणं, सगळ्यांना ती फीत. फडफडणारा लाल रंग डोळ्यांत भरतो, पण फितीचं खरं बळ मोजणीत आहे. प्रत्येक फितीला क्रमांक, काढली की ती फळ्यावरच्या तिच्या खिळ्याला, आणि रिकामा खिळा दिसला की रॉकेटवर काहीतरी राहिलंय. जे मोजलेलं नसतं ते राहतं. २२ फेब्रुवारी १९९० ला युरोपचं एरियान-४ रॉकेट उडालं आणि दोन मिनिटांच्या आत नष्ट झालं, दोन जपानी उपग्रहांसह. एका इंजिनाच्या पाण्याच्या नळीत कापडाचा तुकडा राहिला होता. त्या कापडाला लाल फीत कोण लावणार? ते कुणाच्याच यादीत नव्हतं. उलट प्रकारही आहे, टोपण जे प्रवासभर राहावं आणि पोचल्यावरच निघावं. व्हेनेरा ९ आणि १० या सोव्हिएत यानांच्या एकेका कॅमेऱ्याचं झाकण शुक्रावर निघालं नाही, ११ आणि १२ चं तर एकही झाकण निघालं नाही, कॅमेरे अंधारातच राहिले. १९८२ मध्ये व्हेनेरा १४ ची झाकणं छान उडाली. त्यातलं एक नेमकं त्या जागी पडलं जिथे यानाचा दांडा माती दाबून तिची घट्टता मोजणार होता. इतक्या कोटी किलोमीटरांवर जाऊन दांड्यानं आपल्याच झाकणाची घट्टता मोजली. त्या संघाला काय वाटलं असेल, या विचारानं अजून कालवाकालव होते.

नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या मंगळयानाबद्दल इतकं बोललं गेलंय की एकच गोष्ट सांगतो. एका बाजूनं पौंडात काढलेले आकडे दुसऱ्या बाजूनं न्यूटनचे म्हणून वाचले, ४.४५ पटीचा फरक पडला, आणि २३ सप्टेंबर १९९९ ला यान २२६ किलोमीटरऐवजी सुमारे ५७ किलोमीटर उंचीवरून मंगळाच्या वातावरणात शिरलं. आकड्याच्या अंगावर त्याचं एकक नव्हतं. नुसता आकडा कुठल्याही खोबणीत बसतो.

हबल या अवकाश दुर्बिणीच्या आरशाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे वस्तू स्वतः ‘मी बसत नाही’ असं सांगत होती. आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणात एक भिंग ठरावीक अंतरावर बसवायचं होतं. अंतर मोजायला एक दांडी, तिच्या टोकावरून परतणारा लेसर. टोकावर टोपण होतं, मधे बारीक भोक. टोपणाला प्रकाश परतू नये म्हणून काळा रंग, पण एका जागी तो उडालेला. लेसर दांडीच्या टोकाऐवजी टोपणावरच्या त्या उघड्या ठिपक्यावरून परतला. फरक १.३ मिलिमीटर. त्या मापानं भिंग पुरेसं खाली जाईना, तेव्हा जागा भरून काढायला साधे वॉशर घातले गेले. या उपकरणाच्या भरवशावर आरसा घासला गेला, आणि तो अत्यंत अचूकपणे चुकीचा झाला, कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट. दुसऱ्या दोन साध्या उपकरणांनी चूक दाखवली होती. ती कमी अचूक म्हणून त्यांचं ऐकलं नाही. १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि तारे फिसकटलेले दिसले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली. वॉशर घालणारा हात त्या क्षणी थांबला असता, तर ‘हे का लागतंय?’ एवढाच प्रश्न पुरला असता.

हे सगळं मनात घोळत असताना पुन्हा त्या थट्टेच्या सूचनांकडे वळावंसं वाटतं. ५ मे १९६१ च्या पहाटे अमेरिकेचे पहिले अंतराळवीर ॲलन शेपर्ड फ्रीडम-७ या कुपीत शिरले तेव्हा समोरच्या फलकावर चिठ्ठी होती : इथे हँडबॉल खेळू नये. कोपर हलवायला जागा नसलेल्या त्या कुपीत ती त्यांचे सहकारी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी लावून ठेवली होती. दोन महिन्यांनी गस ग्रिसम यांच्या लिबर्टी बेल-७ च्या अंगावर फिलाडेल्फियातल्या तडा गेलेल्या खऱ्या लिबर्टी बेल घंटेसारखी पांढरी भेग रंगवलेली होती. त्या कुपीचं दार उतरल्यावर अवेळी उडालं, पाणी शिरलं, ग्रिसम कसेबसे वाचले आणि कुपी अटलांटिकच्या तळाशी गेली. ती वर आली १९९९ मध्ये. अपोलोच्या चांद्रयानाच्या, म्हणजे माणसांना घेऊन चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या, संगणकातल्या प्रोग्रॅममध्येही कुणी टिपा लिहून ठेवल्यात. एका ओळीपुढे लिहिलंय, तात्पुरतं, अशी आशा, आशा, आशा. आणि जिथे अंतराळवीराला रडारचा ॲन्टेना फिरवायला सांगायचं आहे तिथे टीप आहे की कृपया ते येडं यंत्र जरा फिरवा, आणि त्याच्या खाली, तो खोटं बोलत नाही ना ते बघा. या टिपांत मला प्रचंड काळजी ऐकू येते. ‘खोटं बोलत नाही ना ते बघा’ ही थट्टा वाटते, पण त्या जागी प्रोग्रॅम खरोखरच ॲन्टेनाची स्थिती पुन्हा तपासतो. लिहिणाऱ्यानं माणसाच्या शब्दावर काम सोडलं नाही.

कारण शब्दावर सोडलं की काय होतं, तेही अपोलोतच आहे. अपोलोच्या संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांच्या लहान मुलीनं सिम्युलेटरवर खेळताना उड्डाणाच्या मधेच पी-०१ हा उड्डाणापूर्वीचा प्रोग्रॅम लावला आणि सगळं कोलमडलं. हॅमिल्टन यांनी म्हटलं, असं घडू नये म्हणून तपासणीचा कोड घालू या. उत्तर आलं, अंतराळवीर प्रशिक्षित असतात, ते असं करणार नाहीत. मग टीप लिहिली गेली : उड्डाणात पी-०१ निवडू नये. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राहून परतत असताना जिम लव्हेल यांच्याकडून नेमकं पी-०१ लागलं. आपण चौथऱ्यावर उभे आहोत अशी संगणकाची समजूत झाली, दिशेची माहिती पुसली गेली, आणि ताऱ्यांवरून ती पुन्हा बसवावी लागली. नंतर तो कोड घालायला परवानगी मिळाली.

तेच लव्हेल एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर होते. स्फोटानंतर तिघं चांद्रयानात आसरा घेऊन परतत होते. शेवटच्या टप्प्यात निकामी सर्व्हिस मॉड्यूल, म्हणजे मुख्य यानाला जोडलेला इंजिनाचा भाग, सोडायचं काम मुख्य यानात जॅक स्वायगर्ट यांच्याकडे होतं. तो स्विच आणि चांद्रयान सोडायचा स्विच एकाच फलकावर. चुकून दुसरा दाबला गेला असता तर चांद्रयानातले दोन सोबती अवकाशात गेले असते. स्वायगर्ट किती दिवसांचे जागे होते, केबिनमध्ये किती थंडी होती, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी कागदाचा तुकडा घेतला, त्यावर ‘नाही’ एवढाच शब्द लिहिला आणि चिकटपट्टीनं त्या दुसऱ्या स्विचवर लावून टाकला. त्या शब्दापेक्षा मला ती चिकटपट्टी मोठी वाटते. वाचायचं राहिलं तरी बोटाला आधी कागद लागणार होता.

९०५ क्रमांकाचं विमान आता ह्यूस्टनला आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये क्रेननं शटलची पूर्ण मापाची प्रतिकृती उचलून त्याच्या पाठीवर आणली. खाली माणसं माना वर करून उभी होती. ती हळूहळू उतरवत तीन खुंटांवर ठेवली, काळी बाजू खाली.